आजाऱ्यांच्या प्रार्थनेत रिबेका

लातूरला माझं ब्युटी पार्लर आहे. दिवसभर मी बायकांच्या टाचांच्या भेगा घासते, हनुवटीवरचे केस ओढते, काखेतलं वॅक्स काढते. कुणाच्या डोक्यात उवा निघतात, कुणाच्या नखात बुरशी. मला किळस येत नाही. माणसाच्या अंगातून जे काही निघतं त्याचं मला काही वाटत नाही. मला किळस येते ती एका आवाजाची. जीभ टाळूला लावून काढलेला तो 'च्च् च्च् च्च्'. बायका माझ्या पोरीकडं बघतात, मान तिरकी करतात आणि तो आवाज काढतात. त्यापेक्षा भिंतीवरची पाल बरी.

हे लिहायला बसले त्याला कारण लातूरजवळच्या मुरुडची एक पोरगी. परवा पार्लरमध्ये आली. तिला काही करून घ्यायचं नव्हतं. कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू होतं आणि पार्लरवालीची पोरगी बी तशीच हाय, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. टॉवेल जरासा बाजूला करून तिनं मला लेकराचं तोंड दाखवलं आणि म्हणाली, "ताई, पुढं काय होतं हो?"

माझ्या खुर्चीवर गिऱ्हाईक अर्ध्या भुवईवर अडकलेलं. मी म्हटलं, बस, पाणी पी, मी आलेच. पण तिची एसटी होती, ती गेली. म्हणून हे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी. डॉक्टरी माहिती मी सांगणार नाही, ती मोबाईलवर ढिगानं मिळते. मी आपलं माझं सांगते. गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नांदेडला काय सांगितलं

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी नांदेडला गेले होते. पोरगी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सोडून सगळ्यांना सांगितलं. आधी माझ्या बाबांना व्हरांड्यात नेऊन, मग रिबेकाच्या पप्पांना, दानिएलना, फोनवर. मग आईला. आई आत आली ती पदर तोंडाशी धरून. मला वाटलं लेकरू गेलं. लेकरू माझ्या शेजारी झोपलं होतं, श्वास घेत होतं, आणि मी आईला विचारत होते की कुठाय ती.

मग डॉक्टर आले. बरोबर दोन शिकाऊ पोरं. मला काही न बोलता त्यांनी पोरीची मूठ उघडली आणि त्या पोरांना तळहातावरची रेघ दाखवली. एकच आडवी रेघ. जत्रेतला ज्योतिषी दाखवतो तशी. मग माझ्याकडं बघून डाऊन सिंड्रोम म्हणाले, आणि मला कळलं नाही असं वाटून जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाले.

मी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"करायचं काही नाही," ते म्हणाले. "पुढचं मूल लवकर होऊ द्या."

हातात माझी पोरगी, नाळ अजून वाळलेली नाही, आणि हा माणूस पुढच्याचं बोलून राहिला होता. मला तेव्हा इतकी शिसारी आली की अंगात ताकद असती तर मी त्याच्या अंगावर ओकले असते. तुम्हाला कुणी असं बोललं तर ऐकून घेऊ नका. मी ऐकून घेतलं, कारण टाके होते.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते, उभा जन्म रुळांवर गेलेला. डॉक्टर गेल्यावर ते आत आले, पोरीला उचललं, उजेडाला नेऊन बघितलं. म्हणाले, "नाक चपटं हाय म्हणून बिमारी हाय व्हय? आमच्या घराण्यात सगळ्यांचंच चपटं हाय. माझं बग." आणि त्यांनी आपलं नाक तिच्या नाकाला लावलं. आई रडता रडता हसली. त्या दिवशीची एवढीच एक चांगली गोष्ट मला आठवते.

केळी

दानिएल भला माणूस. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहेत, बोलतात कमी. त्यांना दुसरं काही सुचलं नाही, त्यांनी लातूरला आमच्या पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, प्रार्थना करा. पाळकांनी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रार्थना केली. झालं. मी पोरीला घेऊन लातूरला पोचायच्या आत गावाला बातमी.

आमच्यात बाळंतीण घरी आली की मंडळीतल्या बायका बघायला येतात. झबलं-टोपडं आणतात, डिंकाचे लाडू आणतात, पाळण्यापाशी गाणी म्हणतात, बाळाचं नाक कुणासारखं यावर वाद घालतात. माझ्याकडंही आल्या. डोक्यावरून पदर घेऊन, खालच्या मानेनं, मयतीला आल्यासारख्या. झबलं एकीनंही आणलं नव्हतं. सगळ्यांच्या पिशवीत केळी. आजाऱ्याला बघायला जाताना नेतात तशी. त्या दिवशी माझ्या घरात इतकी केळी झाली की शेजारच्या गायीला घालावी लागली.

भगिनी मंडळाच्या प्रमुख मालनबाई. आवाज मोठा, प्रार्थना त्याहून मोठी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एस्तेर, हा तुझा क्रूस हाय. हसतमुखानं उचल."

पोरगी माझ्या मांडीवर होती. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर हे बोलणं. मी म्हटलं, "उचललाय की मालनबाई. तुम्ही धरता का जरा?" आणि पोरीला त्यांच्या हातात दिलं. पोरीनं त्यांच्या नव्या साडीवर भसकन दूध ओकलं. माझ्या लेकीचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला तो तेव्हा.

पुढं कुणी म्हणालं ही देवाची परीक्षा. कुणी म्हणालं, सासरच्या जुन्या पिढीनं मरीआई मनातून सोडली नसेल, त्याचा शाप. आणि सगळ्यात चीड आणणारे ते, जे म्हणतात अशी लेकरं देवदूत असतात. देवदूत! या माझ्या घरी आणि बघा. देवदूत माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या पळवते, पलंगाखाली बसून भिंत रंगवते, पकडली की मांजराकडं बोट दाखवते. खोटं बोलायला शिकली तेव्हा मी चहात साखर जास्त घालून प्यायले. पोरगी माणसासारखी वाढत होती.

प्रभू, ऐक

आता मूळ मुद्दा. आमच्या चर्चमध्ये उपदेशाच्या आधी आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते. सगळे डोळे मिटतात. पाळकसाहेब एकेका आजाऱ्याचं नाव घेतात आणि प्रत्येक नावानंतर मंडळी म्हणते, "प्रभू, ऐक." मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती. प्रार्थना मला खोटी वाटत नाही. खोटी वाटत असती तर मला एवढा रागच आला नसता.

त्या पहिल्या रविवारी रिबेकाचं नाव आजाऱ्यांत गेलं ते गेलंच. त्यानंतर किती माणसं त्या प्रार्थनेत आली आणि गेली. कुणी बरं होऊन देवाचे आभार मानायला, उपकारस्तुतीला उभं राहिलं, कुणाला आम्ही कब्रस्तानात पोचवलं. पाळकांच्या बदल्या झाल्या. नवा पाळक यायचा, जुना त्याला सांगून जायचा, आणि नाव पुढं चालू. सगळ्यात शेवटी, कुणाच्याही नावानंतर, "आणि आमची छोटी बहीण रिबेका." "प्रभू, ऐक."

अरे पण काय ऐक? पोरगी उशिरा का होईना चालायला लागली, शाळेत जायला लागली, तिची विशेष मुलांची शाळा आहे, तिथं ती हजेरीला 'हो'च्या जागी 'हाव' म्हणून ओरडते, नाचात पुढं असते. छातीत भोक असेल म्हणून डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वर्षातून दोनदा सर्दी, ती माझ्या भाच्यांनाही होते. ती धडधाकट माझ्या शेजारी बसलेली, बाकावर पाय हलवतेय, आणि सगळी मंडळी डोळे मिटून देवाला सांगतेय की ही आजारी आहे. माझे डोळे मिटलेले असायचे आणि आत मी दात खायचे.

मी बोलले नाही असं नाही. एका पाळकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, प्रार्थनेनं कुणाचं कधी वाईट झालंय का?" आत्ताचे पाळकसाहेब तरुण आहेत, शिकलेले आहेत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बहीणजी, एवढ्या वर्षांनी एकदम नाव वगळलं तर लोकांना वाटेल ती गेली."

म्हणजे माझ्या पोरीला दोनच जागा. आजाऱ्यांत, नाहीतर मेलेल्यांत. मी घरी येऊन भांडी अशी आदळली की दानिएल बाहेर जाऊन बसले.

पाय दुखतोय

गेल्या नाताळानंतरची गोष्ट. रिबेका तेरा वर्षांची. कॅरलच्या टेम्पोत पोरांबरोबर गावभर फिरून गाणी म्हणून आली, थंडी बाधली. खोकला सुरू झाला. मी काढा दिला, वाफ दिली. ती म्हणायला लागली, "मम्मी, पाय." मी पायाला बाम चोळला. ती पुन्हा, "पाय, पाय." मी पुन्हा चोळला. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांचा रंग जांभळासारखा दिसला आणि मला एकदम समजलं. लहानपणी ती पडली तेव्हा पायाला लागलं होतं, आणि दुखणं म्हणजे पाय असं तिनं तेव्हापासून धरलं होतं. दात दुखला तरी पाय, छाती दुखली तरी पाय. तुमच्या लेकराचा असा शब्द कोणता ते शोधून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास असा चालला होता की बरगड्या आत जात होत्या. दानिएल वर्कशॉपातून तसेच ग्रीसच्या हातांनी आले.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासलं, छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. म्हणाला, आयसीयूत घ्यावं लागेल, मास्कवर भागलं नाही तर व्हेंटिलेटर. मग पेन टेबलावर ठेवलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"तुम्ही एकदा घरात बोलून घ्या. कितपत करायचं ते."

"कितपत म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे… अशा मुलांचं आयुष्य… तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळत होतं. नांदेडला कळलं होतं तसंच कळत होतं. फक्त हा वयानं लहान आणि बोलायला सभ्य. मला ती सभ्यता तोंडात केस आल्यासारखी वाटली. दुसऱ्या कुणाचं लेकरू असं जांभळं पडलेलं आणलं असतं, तर त्यानं हे विचारलं असतं का? मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात दानिएल त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. ते डॉक्टरांसमोर कधी बसत नाहीत, उभे राहतात. ग्रीसचे हात त्यांनी त्याच्या पांढऱ्या टेबलावर ठेवले.

"बोललो," ते म्हणाले. "घ्या आत."

घेतलं.

मास्क, नखं, बेडका

आयसीयू म्हणजे एक काचेचं दार आणि दारापुढं आम्ही. एका वेळी एकालाच आत सोडायचे. नांदेडहून आई आली. रिबेकाच्या तोंडावर घट्ट पट्ट्यांचा मास्क होता, ती तो ओढून काढायची. म्हणून तिचे दोन्ही हात बँडेजनं पलंगाच्या कठड्याला बांधले. मला कुणी विचारलं नाही. मी आत गेले तर ती बांधलेली, आणि माझ्याकडं अशी बघत होती की तिला मीच बांधलंय. मी सिस्टरला म्हटलं, मी बसते, मी हात धरते, सोडा. सिस्टर आधी नाही म्हणाली. मग तिनं एक हात सोडला. मोठी गोष्ट होती ती.

बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात, ती नीट आकडा दाखवेना, कारण बाईसाहेबांच्या नखांना गडद निळी नेलपॉलिश. नाताळासाठी लावलेली, माझ्याच दुकानातून पळवलेली. सिस्टर स्पिरिटनं घासायला लागली तशी हिनं मास्कच्या आतून असा आरडाओरडा केला की शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. मी म्हटलं, थांबा, हे काम माझं. दानिएलना पाठवून दुकानातून रिमूव्हर आणवलं. एकेक बोट धरून हळूहळू पुसलं, तिला दाखवून दाखवून. पायाच्या बोटांची तशीच ठेवली. चादरीखालून ती मधूनमधून पाय बाहेर काढून बघायची, आहे का रंग. दिसला की पाय आत.

नळीनं छातीतला कफ ओढायचे. पिवळा, घट्ट, तारेसारखा लोंबणारा. आईनं तोंड फिरवलं. मी मात्र बघायचे, आणि जितका जास्त निघेल तितकी खूश व्हायचे. ती घाण नव्हती. माझी पोरगी आत लढत होती आणि ते बाहेर येत होतं. घाण काय असते ते मला त्या मऊ आवाजानं दाखवलं होतं.

मी प्रार्थना केली का? केली. चांगले शब्द सुचले नाहीत. देवाशी भांडले, सरळ अरे-तुरे करून. म्हटलं, एवढी वर्षं हे लोक तुला ऐक ऐक म्हणून सांगतायत तेव्हा ती ठणठणीत होती. आता खरंच ऐकायची वेळ आली तर तुझे कान बधिर झाले का?

कुणी आलं नाही

दानिएलनी पाळकसाहेबांना फोन केला. "रिबेकाची तब्येत लई खराब हाय. प्रार्थना करा." पाळक म्हणाले, "करतोच की बंधू. दर रविवारी करतोच." आणि रविवारी केली. सगळ्यात शेवटी, "आणि आमची छोटी बहीण रिबेका." मंडळी म्हणाली, "प्रभू, ऐक." आणि सगळे घरी जाऊन जेवले. कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. नाव नेहमीचंच होतं. आमचा बाक रिकामा होता तेही कुणी बघितलं नाही. जन्मली तेव्हा ठणठणीत पोरीसाठी गायीला पुरतील एवढी केळी आणणारी माणसं. ती खरोखर मरायला टेकली तेव्हा एक केळं आलं नाही.

आल्या त्या महादेवीकाकू. माझ्या पार्लरला लागून त्यांचं किराणा दुकान. लिंगायत आहेत, माहेर उदगीरचं, बोलण्यात मधूनच कानडी. रिबेका शाळेतून आली की त्यांच्या दुकानात बसून बिस्किटांचे पुडे रचते, आणि काकू तिला दिवसभर ओरडतात. काकू दवाखान्यात आल्या त्या शिव्या देतच.

"पुट्टी दुकानावर येईना म्हणून बघायला गेले तर तुझ्या शटरला कुलूप! मला सांगायला काय तोंड शिवलं होतं का तुझं?"

पुट्टी म्हणजे त्यांच्या कानडीत लहान पोरगी. हातात डबा, डब्यात धपाटे आणि दही. आयसीयूच्या दारावरच्या पोराला त्या म्हणाल्या, "आजी हाय मी तिची," आणि खरी आजी, माझी आई, शेजारी उभी असताना बिनधास्त आत गेल्या. काचेतून आम्ही बघत होतो. काकूंनी कंबरेची डबी काढली, अंगठा भस्मात बुडवला आणि रिबेकाच्या कपाळावर आडवे पट्टे ओढले.

आई माझ्याकडं बघायला लागली. आमच्या घरात हे चालत नाही. मी म्हटलं, "आई, मी काही बघितलं न्हाई." आईनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मी बी न्हाई."

काकू रोज आल्या. रोज धपाटे, रोज शिव्या, रोज भस्म. ताप उतरायला लागला, मास्क सुटला, रिबेकाला वॉर्डात आणलं. भस्मानं उतरला असं मी म्हणणार नाही, औषधानं उतरला. पण मी ते पुसलंही नाही. सिस्टर स्पंज करायची तेव्हा ते आपोआप जायचं.

वॉर्डात एक दिवस मालनबाई उगवल्या. आमच्यासाठी नाही. त्यांचा पुतण्या मोटारसायकलवरून पडलेला, पलीकडच्या पलंगावर होता. मला बघून दचकल्या.

"अगं बाई, एस्तेर! तू इथं काय करून राहिलीस?"

"रिबेकाला न्यूमोनिया झाला. आयसीयूत होती."

"मग आम्हाला कळवायचं न्हाई व्हय?"

"कळवलं. रविवारी नाव घेतलं का न्हाई तिचं?"

"घेतलं की. पण ते तर नेहमीच…" एवढं म्हणून त्यांनी पदर सारखा केला.  तेवढ्यात त्यांची नजर पोरीच्या कपाळावर गेली. "आणि हे काय? हे पुस आधी. मग मी हात ठेवून प्रार्थना करते."

मी म्हटलं, "पुसणार न्हाई."

"एस्तेर, तू विश्वासात हायस का न्हाई?"

"हाय. म्हणूनच लाज वाटून राहिली मला. ज्या बाईनं हे लावलं तिला माझी पोरगी एक दिवस दुकानावर दिसली न्हाई तर चैन पडलं न्हाई. तुमच्या शेजारच्या बाकावर ती एवढी वर्षं बसते. तुम्हाला बाक रिकामा दिसला का? तिच्या नावाची तुम्हाला सवय झालीय, तिची न्हाई."

मालनबाईंचं तोंड लाल झालं. पुतण्यासाठी आणलेल्या केळ्यांतली दोन मोडून त्यांनी पलंगावर ठेवली आणि गेल्या. रिबेकानं लगेच एक सोललं आणि खाल्लं. लोक म्हणतात, अशा लेकरांच्या मनात कुणाबद्दल राग नसतो. खोटं आहे. तिला केळं आवडतं.

नाव काढा

घरी आलो. ती अजून खोकायची, जिन्यावर दमायची, पण पहिल्याच आठवड्यात माझी एक लिपस्टिक गायब झाली तेव्हा मी ओळखलं, आता बरी आहे.

पाळकसाहेब घरी आले. मालनबाईंनी सांगितलं असणार. चहा हातात धरून बसले, प्यायले नाहीत. "बहीणजी, चूक झाली. बंधूंनी फोन केला तेव्हा मला वाटलं नेहमीचंच." माणूस वाईट नाही, डोळ्यात पाणी होतं. पण मला त्या पाण्याचाही कंटाळा आला होता.

मी म्हटलं, "मला बाकी काही नको. भर चर्चमध्ये साक्ष द्यायला नको, उपकारस्तुती नको. तेवढं तिचं नाव आजाऱ्यांतून काढा. लोकांना गेली असं वाटलं तर वाटू द्या. समोरच बसलेली असते, डोळे उघडून बघतील."

"काढतो," ते म्हणाले.

त्या रविवारी आम्ही तिघं चर्चला गेलो. रिबेकानं नवा पिवळा ड्रेस घातला होता, निळी नखं पुन्हा लावली होती. आजाऱ्यांची प्रार्थना आली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. माझा पाळकांवर भरवसा नव्हता, ते सवयीनं म्हणून जातील अशी धास्ती होती.

ते एकेक नाव घ्यायला लागले. माझं सहज शेजारी लक्ष गेलं. रिबेकाचे डोळे उघडे होते. ती डोळे मिटत नाही हे मला माहीतच नव्हतं, मी कधी बघितलंच नव्हतं. नावं पुढं सरकत होती तशी ती ताठ होत होती. पाय हलवायचे थांबले. केस कानामागं सारले. ओढणी नीट केली. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत हजेरीला बसतात तशी, पाळकांकडं एकटक बघायला लागली. जळकोटच्या एका आजींचं नाव झालं. मंडळी म्हणाली, "प्रभू, ऐक." रिबेकानं ओठ घट्ट मिटले, हसू आवरल्यासारखे.

पाळक म्हणाले, "आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि गाण्याची पानं उलटायला घेतली. रिबेका उभी राहिली.

"बेका," ती म्हणाली. स्वतःचं नाव तिला एवढंच, अर्धं म्हणता येतं.

पाळक गाणं शोधत होते. ती छातीवर हात आपटून मोठ्यानं म्हणाली, "बेका! बेका!" आणि तिचा चेहरा वाकडा झाला. हात बांधले होते तेव्हा ती माझ्याकडं जशी बघत होती, तशीच ती आता सगळ्या चर्चकडं बघत होती. मागून कुणीतरी 'च्च् च्च्' केलं.

तिला आजारी कोण आणि बरं कोण हे ठाऊक नव्हतं. दर रविवारी देवाच्या घरात एवढ्या लोकांसमोर आपलं नाव घेतात, एवढंच तिला ठाऊक होतं.  दानिएलनी माझा हात धरला, पण मी उठले.

"पाळकसाहेब, तिचं नाव घ्या."

त्यांना समजेना. "आजाऱ्यांत, बहीणजी?"

"न्हाई."

"मग कशात?"

"मला काय माहीत? घ्या तुम्ही."

  पाळकांनी डोळे मिटले नाहीत. हातातलं पुस्तक खाली ठेवलं, रिबेकाकडं बघितलं आणि म्हणाले, "रिबेका."

आधी काही नाही, नंतर काही नाही. मंडळीला कळेना आता काय म्हणायचं. 

"हाव," रिबेका म्हणाली, आणि खाली बसली.